नवख्यांवर पैसे लावणारा निर्माता
(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



बँकेतला माणूस बोलायला उभा राहिला म्हणजे आता मुदतठेवींवर ऐकावे लागणार, अशी धास्ती काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. घाबरू नका, मी सिनेमावर बोलणार आहे. अर्थात विषय सिनेमाचा असला तरी हिशोब सुटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अमेरिकेत रॉजर कॉर्मन नावाचे एक निर्माते होऊन गेले. जन्म १९२६ चा, डेट्रॉइटचा. मे २०२४ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी ते गेले. त्यांचे सिनेमे आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असतील. पण 'गॉडफादर'चे कोपोला, 'टायटॅनिक'चे जेम्स कॅमेरॉन, मार्टिन स्कॉर्सेसी, रॉन हॉवर्ड, जोनाथन डेमी ही नावे तरुणांना माहीत आहेत. या पाचही जणांना पुढे दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. आणि पाचही जण उमेदवारीच्या काळात या एका माणसाकडे कामाला होते! हे कसे घडले, तेच आज बघायचे आहे.

कॉर्मन शिकले इंजिनिअरिंग, स्टॅनफर्डला. इलेक्ट्रिक मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली, ती त्यांनी चार दिवसांत सोडली. मग ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या बड्या स्टुडिओत निरोप पोचवणारा पोऱ्या म्हणून लागले. पुढे तिथेच आलेल्या पटकथा वाचून अभिप्राय द्यायचे काम मिळाले. १९५४ मध्ये त्यांनी पहिला सिनेमा काढला, समुद्रातल्या राक्षसाचा. खर्च सुमारे १२ हजार डॉलर. स्वतःची एक पटकथा विकून आलेले पैसे आणि मित्रमंडळींकडून जमवलेली रक्कम, एवढेच भांडवल.

आता बँकेच्या भाषेत बोलतो. छोट्या निर्मात्याची खरी अडचण तोटा ही नसते, अडकलेला पैसा ही असते. सिनेमा चालला तरी वितरक आणि थिएटरवाल्यांकडून पैसे हातात यायला महिने लागतात, तोवर दुसरा सिनेमा सुरू करता येत नाही. दुकानदाराची उधारी थकते तसेच. कॉर्मननी दुसऱ्या सिनेमाच्या वेळी मोठ्या कंपन्या सोडून एका नव्या, छोट्या कंपनीशी करार केला. अट अशी, की पुढच्या सिनेमांसाठी आगाऊ पैसे द्यायचे. त्या सिनेमाचे नाव होते 'द फास्ट अँड द फ्यूरियस'. होय, तरुण मंडळी हसताहेत, नाव तेच! खेळते भांडवल हातात आले आणि गाडी चालू लागली.

काटकसर तर अशी, की आपल्या खजिनदारांनाही धडा घेता येईल. 'द लिटिल शॉप ऑफ हॉरर्स' (१९६०) हा सिनेमा दुसऱ्यासाठी उभारलेल्या सेटवर मुख्यतः दोन दिवसांत उरकला. त्यात दातांच्या दवाखान्यातल्या पेशंटच्या छोट्याशा भूमिकेत एक होतकरू नट होता, त्याचे नाव जॅक निकल्सन.

एक सिनेमा करायला मंडळी युरोपात गेली होती. काम संपल्यावर थोडे पैसे उरले. साउंडचे काम पाहणारा एक तरुण म्हणाला, या पैशांत मी आयर्लंडमध्ये एक सिनेमा करून दाखवतो. कॉर्मननी होकार दिला. तो तरुण म्हणजे फ्रान्सिस कोपोला. 'डिमेंशिया १३' हा तो सिनेमा १९६३ चा, आणि 'गॉडफादर' आला १९७२ ला.

दुसरे उदाहरण पीटर बोगदानोविच यांचे. बोरिस कार्लोफ या वृद्ध नटाचे दोन दिवसांचे काम कॉर्मनना करारानुसार येणे होते. ते बोगदानोविचना म्हणाले, हे दोन दिवस घ्या, माझ्या जुन्या सिनेमातला काही भाग वापरा, बाकीचा सिनेमा तुमचा. त्यातून 'टार्गेट्स' (१९६८) हा नावाजलेला सिनेमा निघाला. पडून राहिलेली मालमत्ता कामाला लावणे म्हणतात ते हे.

१९७० मध्ये त्यांनी 'न्यू वर्ल्ड पिक्चर्स' ही स्वतःची कंपनी काढली. रॉन हॉवर्ड तेव्हा लोकप्रिय नट होते, पण त्यांना दिग्दर्शन करायचे होते. कॉर्मन म्हणाले, आधी माझ्या सिनेमात काम करा, मग दिग्दर्शन देतो. शब्द त्यांनी पाळला. जेम्स कॅमेरॉन आले ते अवकाशयानांची मॉडेल्स बनवायला. गेल ॲन हर्ड ही तरुणी त्यांची सहायक म्हणून लागली आणि १९८४ मध्ये तिने 'टर्मिनेटर'ची निर्मिती केली.

आता जमेबरोबर नावेची बाजूही मांडायला हवी, नाहीतर ऑडिटर कसला? कॉर्मन पैसे कमी द्यायचे आणि राबवून घ्यायचे. पुष्कळ सिनेमे भडक होते, घरच्यांबरोबर बसून पाहावेत असे नव्हेत. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावात, शंभर सिनेमे काढले पण एक छदामही गमावला नाही, असा दावा आहे. तो तंतोतंत खरा नाही. १९६२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या भावाने स्वतःच्या खिशातून 'द इंट्रूडर' काढला. गोऱ्यांच्या शाळेत काळी मुले येऊ नयेत म्हणून गावाला भडकवणाऱ्या माणसाची ती गोष्ट. चित्रीकरणात धमक्या आल्या, समीक्षकांनी कौतुक केले, आणि पैसे बुडाले. पण मला विचाराल तर त्यांच्या वहीतली ही नोंद सर्वांत मानाची आहे. भडक सिनेमे काढणाऱ्या याच माणसाने बर्गमन, फेलिनी, कुरोसावा यांचे सिनेमे अमेरिकेत वितरित केले, हेही विसरू नये. २००९ मध्ये त्यांना मानद ऑस्कर मिळाले.

आता मुद्द्यावर येतो. कर्ज मागायला नवखा माणूस आला की आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, "पूर्वीचा अनुभव काय?" बिचाऱ्याला अनुभव कुठून असणार? कुणी पहिली संधी देईल तेव्हा ना! आपल्याकडे सिनेमाला उद्योगाचा दर्जा मिळाला तोच १९९८ मध्ये, त्याआधी बँका या धंद्यापासून चार हात लांबच असत. या पेचातून कॉर्मननी जी वाट काढली ती साधी होती. नवख्यावर डोळे झाकून विश्वास त्यांनी कधीच टाकला नाही. रक्कम ठरलेली, दिवस ठरलेले, विषय ठरलेला. बुडाले तर किती बुडेल हे आधीच माहीत. पण या कुंपणाच्या आत मात्र पूर्ण मोकळीक. आणि काम चांगले करून माणूस मोठ्या ठिकाणी निघून गेला तर त्यांनी मनात धरले नाही. उलट, नीट काम केलेस तर तुला पुन्हा माझ्याकडे काम करावे लागणार नाही, असे ते हॉवर्डना म्हणाले होते.

मंडळी, आपल्या संस्थेला पंचवीस वर्षे झाली. कार्यकारिणीत तीच सात-आठ नावे आलटून पालटून आहेत, त्यात माझेही आहे. 'तरुण पुढे येत नाहीत' असे आपण म्हणतो. 'आम्हाला कुणी विचारत नाही' असे ते म्हणतात. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. पण पुढच्या दहा वर्षांत प्लंबिंग, लिफ्ट, सोलर आणि शेवटी पुनर्विकास हे सगळे दारात उभे आहे. तेव्हा निर्णय घेणारी माणसे आजपासून तयार व्हायला हवीत. आम्ही तोवर किती असू, हा प्रश्न मोठ्याने विचारायचा नसतो, पण मनात सर्वांच्याच आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. गच्चीवरच्या सोलरचे काम चाळिशीच्या आतल्या तीन-चार जणांच्या उपसमितीकडे द्यावे. बजेट आणि मुदत सर्वसाधारण सभेने ठरवावी, चेकवर सह्या नेहमीप्रमाणे पदाधिकाऱ्यांच्या असाव्यात. मात्र कोटेशन कुठून मागवायची, कंत्राटदार कोण, हे त्यांनी ठरवावे आणि आपण मधे मधे तोंड घालू नये. शेवटची अट सर्वांत अवघड आहे, हे मला ठाऊक आहे! येत्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदक कोण, ते आजच सांगा, म्हणजे लिहायला घेतो.