काउंट भरपूर आहे, पण पेशी चालते का?



 कार्यक्रमपत्रिकेत माझ्या अध्यक्षीय भाषणाचा विषय 'रोगप्रतिकारशास्त्राचा आढावा' असा छापलाय. आढावा पाठ्यपुस्तकात आहे. माईक बऱ्याच वर्षांनी हाती आलाय, तेव्हा मनात साचलेलं एकच बोलतो. आपण पांढऱ्या पेशी मोजतो. त्या चालतात का, हे बघणं आपण सोडून दिलंय.

मेचनिकॉफने १८८२ साली मेसिनाला तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला आणि सकाळी त्याभोवती जमलेल्या पेशी पाहिल्या. त्याच्याकडे काउंटर नव्हता. १९०८ चं नोबेल त्याला एर्लिखबरोबर मिळालं ते या बघण्यातून निघालेल्या कामासाठी.

आपल्या विद्यार्थ्याला पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल माहीत असतो तो लीशमनच्या रंगाने रंगवलेला, म्हणजे मेलेला. जिवंत असताना तो काय करतो ते सांगतो. जिवाणूंची प्रथिनं फॉर्मिल-मेथिओनिनने सुरू होतात, आणि त्या तुकड्यांचा माग तो काढतो. त्याचं अंग मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडंसंच मोठं. या टोकाला आणि त्या टोकाला रसायनाच्या प्रमाणात एका टक्क्याचा फरक असला तरी त्याला दिशा कळते; झिगमंड नावाच्या संशोधक बाईंनी हे १९७७ मध्येच दाखवलं. सुजेच्या जागी रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर संदेश देणारं इंटरल्यूकिन-८ बसलेलं असतं. ते भेटलं की पेशीवरची इंटिग्रिन, म्हणजे चिकटवणारी प्रथिनं, जागी होतात, पेशी भिंतीला चिकटते आणि फटीतून बाहेर निघते. उंदराकडे इंटरल्यूकिन-८ नाहीच, त्याचं काम दुसरे रेणू करतात. तरी आपले प्रबंध उंदरांवर, आणि वॉर्डातलं माणसाचं ताजं रक्त कचऱ्यात!

सकाळच्या परिसंवादात तरुण सहकारी म्हणाले, फाइव्ह-पार्ट अ‍ॅनालायझर आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा ओला थेंब बघत बसायचं कारण उरलं नाही. दुसरे म्हणाले, शंका असेल तर फ्लो सायटोमेट्री करा. वाद रंगला. माझं उत्तर एका बाळाचं आहे.

विदर्भातलं जिल्ह्याचं गाव, मे महिना. बाळाला महिना होत आला तरी नाळ पडलेली नव्हती. बेंबीभोवती लालभडक, आणि काउंट इतका की ल्युकेमियाची कुजबुज सुरू झालेली. शेवटी कागदावर 'ल्युकेमॉइड रिअ‍ॅक्शन' लिहून सगळे मोकळे झाले. बाळाची आजी मात्र म्हणाली, "डॉक्टरसाहेब, एवढं लाल झालं, मंग पू काहून नाही?" त्या आठवड्यात कोणीही विचारलेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता.

एका काचपट्टीवर माझ्या बोटाचा थेंब घेतला, दुसरीवर बाळाच्या टाचेचा. पट्टी उबदार ठेवायला वेगळं साधन लागलं नाही, खोलीच तशी होती. माझ्या पेशी काचेला चिकटल्या, पाय काढून सरकू लागल्या. बाळाच्या पेशी संख्येने कितीतरी जास्त, पण द्रवाबरोबर नुसत्या वाहत होत्या. पुढे मुंबईत तपासणी झाली: इंटिग्रिनांचा भाग असलेलं सीडी-१८ नाही, म्हणजे चिकटण्याचा दोष. संदेश पोचत होता, पण पेशीला भिंत धरता येत नव्हती. रक्तात गर्दी आणि जखमेत कोणी नाही, म्हणून पू नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपण तेव्हा त्या घराच्या आवाक्यात नव्हतं, बाळ गेलं. पुढच्या बाळंतपणाआधी काय विचारायचं, एवढं मात्र त्या घराला कळलं.

फ्लोला माझा विरोध नाही. पण नमुना मुंबईला पाठवायचा, हे गावात कोणाला सुचणार? यंत्राच्या कागदावर आकडा येतो, खालीवर बाण येतो. 'पेशी चालत नाही' असा रकाना त्यावर नसतो. अभ्यासक्रम ठरवणारे म्हणतात, प्रात्यक्षिकाला वेळ नाही. ल्युकोसाइटांची नावं पाठ करून घ्यायला बरा वेळ मिळतो!

तेव्हा दोन-तीन कामं. प्रत्येक प्रयोगशाळेत पट्टी उबदार ठेवणारी एक गरम स्टेज. नाळ उशिरा पडलेल्या बाळांची एक नोंदवही, तिचा नमुना कोणी तरी करावा. विद्यार्थ्यांसाठी ओल्या थेंबाचं एक प्रात्यक्षिक. कुठल्या सत्रात, ते बघू. ठरावाचा मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. खर्चाचा रकाना मी मोकळा सोडलाय, त्यावर जेवणानंतरच्या सभेत भांडू.