संमतिपत्रावरील सही
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



गुणगौरवाच्या समारंभात वडीलधाऱ्या माणसाने चार कौतुकाचे शब्द बोलावेत आणि मुलांच्या पाठीवरून हात फिरवून आपल्या जागी जाऊन बसावे, असा शिरस्ता आहे. मीही तो बरीच वर्षे पाळीत आलो. आज तो थोडासा मोडणार आहे, त्याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो. यंदा आपल्या ज्ञातीतील एका कुमाराची खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत निवड झाली. कार्यवाहांनी ही वार्ता जाहीर करताच आपण सर्वांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या कडकडाटात दोन हात स्वस्थ होते. ते त्याच्या मातोश्रींचे. चार दिवसांपूर्वी त्या माउली माझ्या घरी आल्या होत्या. "भाऊसाहेब, मुलगा एकुलता एक आहे. तुमचा शब्द तो मोडणार नाही. त्याला दोन गोष्टी समजावून सांगा," असे म्हणून त्या थांबल्या. समजावून सांगा म्हणजे काय, हे त्यांनी उच्चारले नाही. मलाही विचारण्याची आवश्यकता वाटली नाही. त्यांना मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. ते आज, त्यांच्या अनुमतीने, सर्वांसमक्ष देत आहे.

आपली ज्ञाती सोनारकीची. फुंकणी, ऐरण आणि तराजू ही आपली आयुधे. गुंजभर सोन्याचा हिशेब चुकू नये म्हणून श्वास रोखून बसणारी आपण माणसे. घरचा सोन्यासारखा मुलगा तोफेच्या तोंडी देण्याची कल्पना आपल्याला सहजासहजी मानवत नाही, यात नवल नाही. शिवाय इंग्रजांनी आपल्या राज्यात लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी प्रतवारी लावून ठेवली होती. ती खोटी होती. परंतु खोटी गोष्ट पुष्कळ वर्षे सोयीची वाटली की ती खरीच आहे असे माणूस मानू लागतो. आपणही तसेच मानले. आज प्रबोधिनीचे दार सर्वांना खुले आहे. सोळा वर्षे पुरी करून सतराव्याच्या मध्यावर आलेला मुलगा परीक्षेला बसू शकतो. २०२२ पासून मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला असून त्यांची सतरा जणींची पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यात तेथून बाहेर पडली.

सोळा वर्षे म्हटली की मला रामायणातील दशरथ आठवतो. विश्वामित्र यज्ञरक्षणासाठी रामाला मागावयास आला, तेव्हा राजाने पहिली सबब सांगितली ती हीच, की माझा राम अद्याप सोळा वर्षांचाही नाही. मी स्वतः येतो, माझी सेना घेऊन येतो, पण त्याला नेऊ नका. ज्याने देवासुरांच्या संग्रामात रथ हाकला, तो चक्रवर्ती एका मुलाच्या बापाहून अधिक काही उरला नाही. शेवटी वसिष्ठाने समजूत घातली म्हणून रामलक्ष्मण गेले. आपल्या कीर्तनकारांना पुढचा ताटकावध रंगवून सांगण्याची घाई असते. मला मात्र दशरथाच्या त्या नकारापाशी नेहमी थांबावेसे वाटते.

अशाच एका बापाची हकीकत आज सांगावयाची आहे. हा मुलगा आपल्या ज्ञातीचा नव्हे, महाराष्ट्रीयही नव्हे. परंतु आपल्या मातीशी त्याचे नाते विलक्षण आहे. अरुण खेत्रपाल हा १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यास जन्मला. घराणे मूळचे सरगोध्याचे, फाळणीत सर्वस्व मागे टाकून इकडे आलेले. पणजोबा शिखांच्या खालसा फौजेत, आजोबा पहिल्या महायुद्धात आणि वडील मदनलाल खेत्रपाल भारतीय सैन्याच्या अभियंता दलात अधिकारी. १९६७ मध्ये अरुण खडकवासल्यास दाखल झाला आणि १३ जून १९७१ रोजी त्याला 'पूना हॉर्स' या रणगाड्यांच्या पलटणीत कमिशन मिळाले. ही पलटण १८१७ मध्ये पेशव्यांच्या खर्चाने आणि इंग्रजांच्या हुकमतीखाली उभी राहिली होती. इतिहासाची ही थट्टा जाता जाता ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

युद्धाची चाहूल लागली तेव्हा अरुण अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, तरुण अधिकाऱ्यांच्या शिक्षणवर्गात होता. पलटणीकडे परत जाताना वाटेत दिल्लीस घरी उतरला. सामानात त्याने गोल्फ खेळण्याच्या काठ्या आणि मेजवानीला घालावयाचा निळा गणवेश घेतला होता. लाहोरास गोल्फ खेळू आणि जिंकल्यावर मेजवानी होईलच, असे तो म्हणाल्याचे त्याच्या धाकट्या बंधूंनी सांगितले आहे. एकविसाव्या वर्षी माणूस असाच असतो. घराण्याला शोभेल असे लढ, अशा अर्थाचे शब्द निरोप देताना मातेने उच्चारले, असे सांगतात. ते शब्द वीरमातेला साजेसे आहेत खरे. पण दार लावून घेतल्यावर ती घरात काय बोलली असेल, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

१५ डिसेंबर १९७१ च्या रात्री शकरगड विभागात बसंतर नदीच्या पलीकडे आपल्या सैन्याने पाय रोवला. मध्ये सुरुंगांचे विस्तीर्ण क्षेत्र होते आणि ते साफ करण्याचे काम अर्धवटच झाले होते. १६ तारखेच्या सकाळी जरपालनजीक धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानच्या '१३ लान्सर्स'चे पॅटन रणगाडे चालून आले. मदतीची हाक येताच अरुणने सुरुंगांची पर्वा न करता आपला 'फामागुस्टा' नावाचा रणगाडा पुढे काढला. शत्रूचे रणगाडे एकामागून एक पेटत गेले. परंतु त्याच्या स्वतःच्या रणगाड्यालाही गोळा लागून आग लागली. तो सोडून बाहेर ये, असा वरिष्ठांचा हुकूम आला. आपली तोफ अजून चालते आहे, असे उत्तर देऊन त्याने बिनतारी यंत्र बंद केले. शेवटचा शत्रू शंभर मीटरांच्या आत आला असताना दुसरा गोळा बसला.

त्याच दिवशी ढाक्यास शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडील तोफाही थांबल्या. युद्ध थांबले, आता मुलगा येणार, म्हणून दिल्लीच्या त्या घरात आनंद होता. सांबानजीक त्याचा अंत्यविधी होऊन गेला होता आणि घरी ते ठाऊक नव्हते. मागाहून तार आली. आज पार्थिव तिरंग्यात लपेटून घरी आणले जाते. ही रीत १९९९ च्या कारगिल युद्धापासून सार्वत्रिक झाली. तोवर बहुधा रणभूमीजवळच अग्नी दिला जाई आणि आईबापांच्या हाती येई ती तार व अस्थी. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव पडला. ती वार्ता नानासाहेब पेशव्यांना वाटेत हाती लागलेल्या एका पेढीवाल्याच्या सांकेतिक पत्रातून समजली आणि पाच महिन्यांनी, जून महिन्यात, पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. ते पत्र लिहिणारा आपल्यासारखाच हिशेबी माणूस असणार. माणसांचा जमाखर्च मांडताना त्याच्या हाताला काय वाटले असेल?

अरुणला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. प्रबोधिनीच्या संचलनभूमीस त्याचे नाव आहे आणि तो 'फामागुस्टा' रणगाडा दुरुस्त करून अहमदनगरच्या चिलखती दलाच्या केंद्रात जतन केलेला आहे. पुण्यास जन्मलेला मुलगा असा फिरून महाराष्ट्रातच राहिला. परंतु माझी खरी गोष्ट येथून पुढे आहे.

तीस वर्षे लोटली. मदनलाल खेत्रपाल ब्रिगेडियर होऊन निवृत्त झाले, एक्याऐंशी वर्षांचे झाले. मरण्यापूर्वी आपले जन्मगाव सरगोधा एकदा पाहावे, या इच्छेने २००१ मध्ये ते पाकिस्तानात गेले. लाहोरास त्यांच्या स्वागताला ख्वाजा महंमद नासर नावाचे निवृत्त पाकिस्तानी ब्रिगेडियर उभे होते. त्यांनी वृद्ध पाहुण्याला आपल्या घरी उतरवून घेतले, सरगोध्याचे दर्शन घडविले, घरातील सर्वांनी त्यांची मनोभावे सेवा केली. हे आदरातिथ्य सामान्य नव्हे, याची जाणीव पाहुण्याला होत होती. कारण मात्र उमगत नव्हते. निघण्याच्या आदल्या रात्री यजमानांनी त्यांना बागेत बसविले आणि आपल्या मनातील सांगितले. १६ डिसेंबरच्या त्या सकाळी समोरच्या रणगाड्यात आपण होतो. आपला मुलगा माझ्या हातून पडला.

ज्ञातिबांधवहो, पुत्राचा घास घेणाऱ्या हाताने वाढलेले अन्न तो बाप तीन दिवस जेवत होता. त्या क्षणी त्याने काय करावे, हे कोणत्याही धर्मशास्त्रात सांगितलेले नाही. आक्रोश नाही, आरोप नाही. तो काही काळ निःशब्द राहिला. दोघेही सैनिक होते. समोरच्याने आपले कर्तव्य केले, जसे आपल्या मुलाने केले, हे त्या म्हाताऱ्याला समजावून सांगावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने यजमानांचा निरोप घेतला. पुढे नासर यांनी भेटीची छायाचित्रे पाठविली आणि सोबतच्या मजकुरात अरुणच्या शौर्याला मानाचा मुजरा केला.

ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा रात्रभर मला झोप आली नाही. आणि त्याचे कारण केवळ त्या पित्याचे थोर मन हे नव्हते. ते कारण सांगितल्यावाचून माझे उत्तर पुरे होणार नाही. १९८६ मध्ये माझा मुलगा सतरा वर्षांचा होता. मला न सांगता त्याने प्रबोधिनीची परीक्षा दिली, भोपाळच्या निवड मंडळापुढे जाऊन आला आणि उत्तीर्ण झाला. बोलावण्याच्या कागदांत पालकाने सही करावयाचे एक हमीपत्र होते. ते त्याने माझ्यापुढे ठेवले. मी त्याला रागावलो नाही. वृद्ध आजी, दुकान, धाकट्या बहिणीचे लग्न, असे दशरथाला सुचले नसतील इतके मुद्दे मी शांतपणे मांडले. त्याने ते सर्व ऐकून घेतले आणि "बरे बाबा" म्हटले. मुदत टळून गेली.

पुढे तो स्थापत्य अभियंता झाला, परदेशी गेला, तेथे उत्तम चालले आहे. दर रविवारी दूरध्वनी करतो, माझ्या रक्तदाबाची चौकशी करतो, कर्तव्यात तिळमात्र कसूर नाही. परंतु एकोणीसशे शहाऐंशीच्या त्या संध्याकाळपासून त्याने मला स्वतःच्या इच्छेविषयी काही विचारले नाही आणि काही मागितलेही नाही. मुलगा सुखरूप आहे. हिशेबी माणसाच्या वहीत ही जमेची बाजू; ती मोठी आहे, हे मी रोज स्वतःला सांगतो. जिवंत मुलाचा बाप खेत्रपालांच्या दुःखाशी आपले दुःख तोलू लागला तर तराजूलाच लाज वाटेल. तरीही एवढे खरे, की त्या बागेत बसलेल्या वृद्धापाशी त्याचा एकवीस वर्षांचा मुलगा पूर्णपणे होता; आणि माझा, साठीच्या उंबरठ्यावर आलेला, माझ्यापासून फार दूर आहे.

रामा राघोबा राणे यांचे नाव आपण ऐकले असेल. कारवारजवळच्या चेंडिये गावचे. वडील पोलीस शिपाई. १९३० च्या चळवळीचे वारे या बारा वर्षांच्या पोराच्या अंगात शिरलेले पाहून बाप घाबरला आणि कुटुंब उचलून गावी घेऊन आला. सरकारी चाकरी करणाऱ्या बापाने दुसरे काय करावे? तोच मुलगा दहा वर्षांनी सैन्यात भरती झाला आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरीच्या वाटेवर गोळीबारात सुरुंग आणि अडथळे दूर करीत रणगाड्यांना रस्ता करून देता झाला. हयातीत परमवीरचक्र मिळविणारा तो पहिला वीर. आईबापांची धास्ती कधी निष्फळ ठरते, कधी फळते आणि कधी फळली तीच चूक होती असे मागाहून कळते.

तेव्हा वहिनी, आपण मला जे काम सांगितले ते मी करू शकत नाही. सही करा, असेही मी आपणास सांगणार नाही; तो अधिकार मी शहाऐंशी साली घालवून बसलो. सही केल्यास काय सोसावे लागू शकते, ते मी वरील हकीकतीतील एकही गोष्ट न लपविता सांगितले. न केल्यास काय सोसावे लागते, तेही सांगितले. मंडळाला मात्र एक विनंती आहे. हा मुलगा गेला तर पुढील वर्षीच्या संमेलनात केवळ त्याचे छायाचित्र छापून थांबू नका. तीन वर्षे खडकवासला, एक वर्ष डेहराडून आणि पुढे कोठे कोठे, एवढ्या काळात या घरी दिवाळीच्या पहाटे कोणीतरी जात जा.

ते हमीपत्र मी टाकून दिले नव्हते. घड्या घातलेले, कोरे, दुकानाच्या जुन्या वह्यांबरोबर पेटीत आहे. गेल्या रविवारी मुलाने विचारले, यंदा कशावर बोलणार? मी सांगितले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. तार तुटली की काय असे वाटले. मग त्याने विचारले, "बाबा, तो कागद अजून आहे?" मी म्हटले, आहे.