सदतीस प्रश्नावल्या



वाणिज्य व व्यवस्थापन शिकवणाऱ्यांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत. अध्यक्षाने साऱ्या विषयाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. मी मात्र आज एकाच कामाबद्दल बोलणार आहे, ते म्हणजे छापून आलेल्या शोधनिबंधाची समीक्षा. एम.कॉम. आणि एमबीएच्या मुलांना आपण ती लिहायला सांगतो. हाती काय येतं, ते आपण सगळेच जाणतो. चार पानं सारांश आणि शेवटी ठरलेलं वाक्य : 'नमुना लहान असल्याने निष्कर्षांना मर्यादा आहेत.' हे वाक्य कोणत्याही निबंधाखाली चालतं, म्हणून ते कोणत्याच निबंधाबद्दल काही सांगत नाही.

लेखकाचा दावा कुठवर जातो आणि त्याचा पुरावा कुठे थांबतो, हे नेमकं दाखवणं म्हणजे समीक्षा, असं मी मानतो. यासाठी आपल्या सर्वांच्या परिचयाचं एक उदाहरण घेतो.

गीर्ट हॉफस्टेड यांचा संस्कृतीविषयक सिद्धान्त आपण वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो आहोत. भारताचा पॉवर डिस्टन्स ७७, व्यक्तिवाद ४८, असे आकडे मुलं पाठ करतात. वरिष्ठ-कनिष्ठांमधली दरी भारतीय माणूस सहज स्वीकारतो, हे वाक्य त्या ७७ वर उभं असतं. हॉफस्टेड यांचं मूळ पुस्तक १९८० चं. त्याचा पाया म्हणजे १९६७ ते १९७३ या काळात दोन फेऱ्यांत आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या १,१७,००० प्रश्नावल्या. एवढा आकडा ऐकला की वाचक मान डोलावतो आणि पुढे जातो.

ब्रेंडन मॅकस्वीनी पुढे गेले नाहीत. २००२ साली 'ह्यूमन रिलेशन्स' या नियतकालिकात त्यांनी या सिद्धान्ताची समीक्षा प्रसिद्ध केली. एवढ्या प्रश्नावल्यांपैकी प्रत्येक देशाच्या वाट्याला किती आल्या, हे त्यांनी पाहिलं. विश्लेषणात घेतलेल्या ४० देशांपैकी हजाराहून जास्त उत्तरं फक्त सहा देशांतून आली होती. पंधरा देशांत ती दोनशेच्याही खाली होती. पाकिस्तानात पहिल्या फेरीत ३७ जणांनी उत्तरं दिली आणि दुसऱ्या फेरीत ७० जणांनी. हे आकडे मूळ पुस्तकाच्याच आधारे काढता येत होते. त्यासाठी कुणाला नवं सर्वेक्षण करावं लागलं नाही, फक्त तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा लागला.

पण मॅकस्वीनी इथे थांबले असते, तर त्यांच्या लेखाचं मोल आपल्या मुलांच्या त्या ठरलेल्या वाक्याइतकंच राहिलं असतं. नमुना एकजिनसी असेल तर थोड्या माणसांवरही काम भागतं, असं उत्तर त्यावर देता येतं. त्यांचा खरा वार पुढे आहे. एका अमेरिकन कंपनीत, तेही विपणन आणि विक्रीच्या विभागात काम करणारा माणूस साऱ्या राष्ट्राच्या मनाचा नमुना आहे, हे हॉफस्टेड यांनी सिद्ध केलेलं नाही, गृहीत धरलेलं आहे. ते गृहीतक काढून घेतलं की संख्या कितीही वाढवा, दावा पांगळाच राहतो. साठच्या दशकात भारतात आयबीएमची यंत्रं विकणारा पदवीधर घ्या. इचलकरंजीचा मागवाला किंवा नाशिकचा कांदा-व्यापारी वरिष्ठाशी कसा वागतो, हे त्याच्या उत्तरांतून कसं कळावं?

हॉफस्टेड यांनी त्याच वर्षी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. आपण राष्ट्राचं संपूर्ण चित्र काढत नसून राष्ट्रा-राष्ट्रांतले फरक मोजतो आणि त्यासाठी सारख्या कामाची, सारख्या दर्जाची माणसं घेणंच योग्य, ही त्यांच्या बाजूची भूमिका आहे. ती भक्कम आहे. माझं मत मॅकस्वीनींकडे झुकतं. तरी हे उत्तर न वाचता त्यांची बाजू घेणाऱ्या विद्यार्थ्याला मी पूर्ण गुण देणार नाही. प्रतिपक्षाचा मुद्दा त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडायचा आणि मग त्याला उत्तर द्यायचं, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची शिस्त आपल्या शास्त्रपरंपरेत मुरलेली आहे. शोधनिबंधाच्या समीक्षेला ती जशीच्या तशी लागू पडते.

आता जरा घरातलं उदाहरण, आणि ते मला जास्त लागतं. मुंबईच्या डबेवाल्यांवरच्या लेखनात 'सिक्स सिग्मा' हे बिरुद हमखास भेटतं. सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाखांत ३.४ चुका. या चुका मोजल्या कोणी? मागे मागे जात राहिलं की आपण १९९८ च्या 'फोर्ब्स'मधल्या एका लेखापाशी पोचतो. चूक जवळपास होतच नाही, झालीच तर दोन महिन्यांतून एखादी, असं डबेवाल्यांच्या संघटनेचे रघुनाथ मेदगे बोलता बोलता म्हणाले होते. त्यावरून लेखकाने ऐंशी लाखांत एक हे प्रमाण काढलं. सिक्स सिग्माचं प्रमाणपत्र 'फोर्ब्स'ने दिलेलंच नव्हतं, हेही लेखकाने नंतर स्पष्ट केलं. संदर्भाला संदर्भ जोडत तो आकडा मात्र 'सिद्ध' होत गेला. यात डबेवाल्यांचा काही दोष नाही. डब्याच्या झाकणावरची ती रंगीत खूण, कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे दोन-चार अक्षरांत आणि आकड्यांत सांगणारी, तिचा अभ्यास करायला एक अख्खा प्रबंध लागेल. आयत्या आकड्याने तो अभ्यास अडवून धरला आहे, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून खुल्या अधिवेशनापुढे मी एक ठराव ठेवतो. अंतर्गत मूल्यमापनात समीक्षेसाठी मूळ लेखन, त्यावरची टीका आणि टीकेला आलेलं उत्तर असा तिहेरी संच विद्यार्थ्याला द्यावा. सारांशाला गुण नसावेत. लेखकाचा मुख्य दावा एका वाक्यात, त्याखालचं गृहीतक, आणि निबंधातला नेमका कोणता तक्ता किंवा परिच्छेद तो दावा पेलत नाही, याला गुण असावेत. आणि निबंध इंग्रजीत असला तरी समीक्षा मराठीत लिहायची मुभा असावी. उसन्या वाक्यांआड लपायची सोय मग राहत नाही; मुलाला काय कळलं आणि काय नाही, ते पहिल्या पानावरच दिसतं. या ठरावावर आपण मोकळेपणाने बोलावं, विरोधातही बोलावं, अशी माझी विनंती आहे.