पेन्शन कधी सुरू करावी?

परभणीच्या आगारातला एसटी कामगार असो, मानवत-सेलूच्या जिनिंगमधला किंवा गंगाखेडकडच्या साखर कारखान्यातला कामगार असो, पगारातून पीएफ कापला जात असेल तर म्हातारपणी आधार १९९५ च्या पेन्शन योजनेचा. (ज्या हंगामी मजुरांचं नाव पीएफच्या यादीत कधी चढलंच नाही, त्यांच्यापुढे आजचा प्रश्नही येत नाही, आणि ते दुःख याहून मोठं आहे.) ही पेन्शन ५८ व्या वर्षी पूर्ण मिळते. दहा वर्षांची सेवा झाली असेल आणि नोकरी सुटली असेल तर पन्नाशीपासूनही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितके चार-चार टक्के कायमचे कापले जातात. उलट ६० पर्यंत थांबलं तर ८.१६ टक्के वाढ मिळते. माझं म्हणणं असं की, अंगात कष्ट करायची ताकद असेल आणि चार पैसे मिळत असतील तर ५८ पर्यंत थांबावं. ५८ नंतर मात्र एक महिनाही थांबू नये.

हिशोब करून पाहू. पेन्शनपात्र पगार १५,००० आणि सेवा १४ वर्षं. गुणाकाराला ७० ने भागलं की महिना ३,००० येतात. साठीपर्यंत थांबणारा दोन वर्षांत ७२,००० रुपये सोडतो आणि बदल्यात महिन्याला साधारण २४५ रुपये जास्त मिळवतो. सोडलेली रक्कम भरून निघेपर्यंत तो चौऱ्याऐंशी ओलांडतो. हा सौदा तोट्याचाच. पन्नाशीत घेणाऱ्याला २,०४० मिळतात. आठ वर्षांत त्याच्या हाती १,९५,८४० रुपये येतात, पण पुढे दरमहा ९६० कमी पडतात आणि पंचाहत्तरीनंतर तो मागे पडत जातो.

यावर कोणी म्हणेल, आजचा रुपया उद्याच्या रुपयाहून मोठा. आधी घ्या आणि बँकेत ठेवा. कागदावर हे खरं आहे. व्याज धरलं तर लवकर घेणाराच पुढे राहील. पण पन्नाशीत पेन्शनला हात लावावा लागतो तो घरात किराणा भरायला, मुलीच्या फीला. ते पैसे बँकेत राहत नाहीत. पंचाहत्तरीला मजुरी होत नाही, दवाखान्याचा खर्च वाढलेला असतो, आणि तेव्हा ९६० रुपयांची खोट भरून काढायला दुसरं साधन नसतं. मात्र कमाईच थांबली असेल, तर कपात सोसून पेन्शन घ्यावी. कर्ज काढून ५८ ची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

तरीही नुसती वेळ साधून महागाईशी मेळ बसत नाही. सरकारी निवृत्तांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैपासून सुधारतो. या पेन्शनला भत्ताच नाही. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर बारा वर्षांत त्याच रकमेची किंमत निम्मी होते. किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून हजार रुपये ठरली आणि दहा वर्षं उलटली तरी हजारच होती. म्हणून पीएफची एकरकमी रक्कम लग्नात किंवा घराच्या स्लॅबमध्ये सगळी घालू नये. वाढत्या खर्चाला तोंड द्यायला तेवढंच साधन हाताशी उरतं. किमान ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता, अशी निवृत्तांची मागणी आहे. त्यातला भत्ता मला रकमेहून महत्त्वाचा वाटतो, कारण आज ७,५०० मंजूर झाले आणि भत्ता नाकारला गेला, तर आज अठ्ठावन्नचा असलेला माणूस सत्तरीला पोचेपर्यंत त्या पैशात निम्माच बाजार येईल.