दव, ढग आणि हिम

पौषात निपाणीच्या शिवारात तंबाखूची कापणी सुरू झाली, की शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. आभाळ निरभ्र असले, म्हणजे रात्री जमिनीची उष्णता आकाशात निघून जाते, जमीन गार पडते आणि तिला लगटून असलेल्या हवेतील बाष्प दवाच्या रूपाने पानावर उतरते. उन्हाने कडक झालेले पान त्या दवाने मऊ पडते. ते पहाटेच गोळा करावे लागते, एरवी हातातच त्याचा चुरा व्हायचा. ढग आले तर ते पांघरुणासारखी उष्णता अडवतात; दव नीटसे पडत नाही, आणि त्यातच पाऊस झाला, तर वाळत घातलेल्या मालाची नासाडी ठरलेली.

वस्तुतः ढग आणि दव ही एकाच बाष्पाची लेकरे. हवा वर चढते, प्रसरण पावून थंड होते आणि तिच्यातील बाष्प धुळीच्या सूक्ष्म कणांवर जमते, हाच ढग. उष्णतामान शून्य अंशाच्या बरेच खाली गेले, की षट्कोनी हिमस्फटिक तयार होतात.

“मग आपल्याकडे बर्फ का पडत नाही, गुरुजी?” असे मुले दरवर्षी विचारतात. वळवाच्या उंच ढगांत हिम असतेच. पण खालच्या उबदार हवेत ते वितळून पाऊस होते. सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात, वेण्णा तलावाकाठी, एखाद्या पहाटे पांढरा थर दिसतो खरा. तथापि ते गोठलेले दव, ढगातून पडलेले हिम नव्हे. वळवाची गार मात्र वितळण्यास पुरती सवड न मिळाल्याने जमिनीपर्यंत पोचते, आणि ती वेचायला सारा वर्ग मला न विचारता बाहेर धावतो.