आडोसा आणि ऊन



युनियनचा माणूस बोनसविषयी न बोलता परसातल्या झाडांविषयी बोलणार, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. पण आपल्या सोलापुरात यंत्रमाग कामगार आयुष्यभर हप्ते फेडून घर घेतो, आणि त्यामागे त्याला वीस फुटांचे परस मिळते. मोरी, तुळस, कपड्यांची दोरी आणि म्हातारी माणसे, सगळ्यांना त्यातच जागा हवी असते. तिथे एक झाड चुकले तर काय होते, हे आम्ही स्वतः चुकून शिकलो.

२०१२ साली आमच्या दक्षिणेच्या शेजाऱ्यांनी वरचा मजला चढवून सज्जा काढला. सज्ज्यात कोणी उभे राहिले की आमची मोरी थेट दिसे. घरातल्या बायकांना भांडी घासणे, केस वाळवणे अवघड झाले. त्यांची तक्रार रास्त होती. आम्ही तिचा निकाल सभेतल्या ठरावासारखा झटपट लावला. हिरव्या अशोकाची आठ रोपे आणली आणि दक्षिणेच्या भिंतीलगत ओळीने लावली. हा अशोक सरळ उंच जाणारा, लोंबत्या पानांचा. सीतेचा अशोक तो निराळा. सात वर्षांत झाडे पंचवीस फूट झाली. सज्जा दिसेनासा झाला, आम्ही खूश.

आमची आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. पौषात न्हाऊन झाले की पोते अंथरून परसात उन्हाला बसायची. त्या वर्षी ती पोते घेऊन पुढच्या बोळात, रस्त्याकडेला बसू लागली. कारण विचारले तर म्हणाली, "अरे, शेजाऱ्यांची नजर अडवलीस ते बरे केलेस. माझे ऊन कशाला अडवलेस?" मालकांपुढे आमचे उत्तर कधी अडले नव्हते. तिच्यापुढे अडले.

आमची शाळा सातवीपर्यंत. पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. तिथलीच भूगोलाची व भूमितीची पुस्तके पुन्हा उघडली. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. तेव्हा झाडाची सावली बुंध्याशीच राहते. डिसेंबरअखेर मात्र तो दक्षिणेकडे इतका कलतो की भर दुपारीही दहा फुटांच्या झाडाची सावली उत्तरेला पावणेनऊ फूट पडते. पंचवीस फुटांच्या झाडाची जवळजवळ बावीस फूट. आणि आमचे परस वीस फुटांचे! सकाळची सावली तर याहून लांब.

मग नजरेचा हिशोब केला. सज्ज्यातल्या माणसाचे डोळे जमिनीपासून पंधरा फुटांवर, सज्जा भिंतीपलीकडे वीस फूट. मोरी भिंतीच्या अलीकडे दहा फूट, तिथे उभ्या बाईचे डोके पाच फुटांवर. त्या डोळ्यांपासून या डोक्यापर्यंत दोरी ताणली, तर भिंतीवरून जाताना ती सव्वाआठ फुटांवर असते. एवढ्यासाठी आम्ही पंचवीस फूट वाढवले होते! आडोसा भिंतीशी न लावता मोरीपासून तीन फुटांवर लावला, तर सहाच फूट पुरतात. ज्यांना गणित नको त्यांनी मोरीशी उभे राहावे, दुसऱ्याने काठी धरावी, आणि सज्जा झाकेल तिथे खूण करावी.

झाडे काढणे सोपे नव्हते. शहरात आपल्या परसात झाड लावायला कोणाला विचारावे लागत नाही; तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कायदा योग्यच आहे. आधी लावून मग विचार करणारे आमच्यासारखे लोक आहेत, म्हणून तो लागतो. रीतसर परवानगी काढली, बदली रोपे सोसायटीच्या मैदानाकडेला लावली आणि अशोक उतरवले. त्याच्या आदल्या मार्गशीर्षात आई गेली.

आता तिथे भिंतीपासून दोन फूट आत कुंती आहे. बारमाही हिरवी, कात्री सोसणारी, पावसाळ्यात पांढऱ्या सुवासिक फुलांची. सावकाश वाढते, पण आपल्याला कुठे गगनाला भिडायचे आहे? गुडघ्याएवढी असतानाच शेंडे खुडावे, म्हणजे खालून दाटते. कापताना तळ रुंद, माथा अरुंद ठेवावा; नाहीतर ऊन न मिळून खालच्या फांद्या उघड्या पडतात. मोरीशेजारी अडुळसा लावला. फांदी खोचली की लागतो, शेळ्या तोंड लावत नाहीत, आणि खोकल्याला पाने न्यायला सगळी आळी येते. कण्हेर कमी पाण्यावर तगते, पण तिचे सर्वांग विषारी. रांगते मूल असलेल्या घरी आम्ही ती लावू देत नाही. कडुनिंब थोर खरा, परंतु फाल्गुनाच्या सुमारास पाने गाळतो आणि परसात मावत नाही. सप्तपर्णीही मावत नाही. पश्चिमेला जागा असेल तर मात्र उंच झाडाला जरूर द्यावी. वैशाखातली तिसऱ्या प्रहराची आग ते अडवते. उत्तरेच्या भिंतीशी लावलेल्या झाडाची थंडीतली सावली शेजाऱ्याच्या अंगणात पडते. त्याला आधी विचारावे.

हे विचारणेही आम्हाला आमच्या मंडळींनी शिकवले. तीस वर्षे मालकांशी वाटाघाटी करणाऱ्या आम्ही शेजाऱ्याशी चकार शब्द न बोलता आठ झाडे उभी केली होती. अशोक निघाल्यावर मंडळी स्वतः पलीकडे गेल्या आणि शेजारणीला अडचण सांगितली. त्या बिचारीला ती ठाऊकच नव्हती. आठ दिवसांत सज्ज्याला बांबूच्या कामट्यांचा पडदा लागला. कुंती वाढेपर्यंत त्यानेच निभावले.

ज्यांना आपल्या परसाचे माप काढायचे असेल त्यांनी सभेनंतर थांबावे. दोरी आणि काठी आम्ही बरोबर आणली आहे.