यकृतविकार परिषद, पुणे : स्वागताध्यक्षांचे भाषण



वैद्यकशास्त्राचा अधिकार नसताना केवळ कसबा पेठेचा जुना रहिवासी म्हणून स्वागताचा हा मान मला मिळाला, याबद्दल मी परिषदेचा ऋणी आहे. ज्या कसब्यात जिजाबाईंनी उजाड झालेली वस्ती पुन्हा उभी केली, ज्याच्या गणपतीला अवघे शहर ग्रामदैवत मानते आणि ज्या शहरातील हौदांत पेशव्यांनी कात्रजचे पाणी नळांनी खेळवले, त्या भूमीत आपले पाऊल पडले, हे आमचे भाग्य होय.

परंतु आमचा खरा अभिमान म्हणजे आमची तांबट आळी. पेशवाईच्या आश्रयाने येथे स्थिरावलेल्या कारागिरांच्या हातोड्यांचा नाद ऐकतच आमच्या पिढ्या वाढल्या. बंब, घंगाळे, हंडे, घागरी, तपेली हा सारा सरंजाम याच आळीतून घरोघर गेला. आणि तांब्याच्या पत्र्यावर एकेक ठोका समान अंतराने उमटवणारे मठाराचे काम ज्याने जवळून पाहिले, त्याला यंत्राची सफाई कायमची फिकी वाटू लागते. लेकीच्या लग्नात दिलेले भांडे नातवंडांच्या बारशापर्यंत पुरावे, अशी त्या हातांची ख्याती होती.

याच भांड्यांशी आपल्या विषयाचा एक धागा जुळलेला आहे. १८८७ साली कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी वर्णिलेला बालयकृताचा कठीण विकार आपल्या देशात दीर्घकाळ घरे उजाड करीत राहिला. तान्ह्या वयातच यकृत दगडासारखे होई, कावीळ चढे, पोटात पाणी साठे, आणि बहुतेक मुले काही महिन्यांत जात. आमच्या रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी, विलायतेच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्याने, त्याचा माग घेतला. एका ग्रॅम शुष्क यकृतात ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास असावे ते तांबे या मुलांत हजाराच्या घरात जाई, तेव्हा ते येते कोठून, हा प्रश्न होता. प्रयोगशाळेइतकाच विश्वास त्यांनी आईच्या जबानीवर ठेवला : वरचे दूध कधी सुरू केले, ते कशात तापवले, कशात ठेवले? कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात तासन्‌तास राहिलेल्या दुधातील केसीन तांबे धरून ठेवते, आणि ते बाळाच्या पोटात जाते. हा संशय १९८३ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ नियतकालिकात मांडला. पुढे आजारी व निरोगी मुलांच्या दुधाच्या हकिकती ताडून पाहिल्या, आणि पेनिसिलामाइन हे औषध वेळीच दिल्यास काही मुले वाचतात, हेही दाखवले. काही घराण्यांत जन्मजात दुर्बलताही असावी, असे जाणते म्हणतात. पुढे स्वयंपाकघरांतून ही भांडी हटली आणि तो रोग जवळजवळ दिसेनासा झाला. माझ्या आळीच्या कारागिरांना मी निःसंकोचपणे सांगतो, की दोष तुमच्या हातोडीला नाही. कल्हई उडालेल्या भांड्यात तान्ह्याचे दूध ठेवण्यात तो होता.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत. मुक्कामाच्या खोल्या अपुऱ्या पडल्या, काही पाहुण्यांची तजवीज खाजगी घरांतून करावी लागली, पेठेच्या अरुंद गल्ल्यांत वाहनांचा खोळंबा होईल. या सर्वांबद्दल मी क्षमा मागतो. ज्या व्यापाऱ्यांनी धान्य दिले, ज्या गृहिणींनी स्वयंपाकाचा भार उचलला, ज्या तांबट बंधूंनी पाण्यासाठी नवे हंडे मोबदल्याशिवाय पाठवले, ज्या तरुणांनी रात्रभर मंडप उभारला, आणि ज्या दात्यांनी नाव जाहीर करू नये अशी अट घालून देणग्या दिल्या, त्या सर्वांचे आभार मानण्यास माझे शब्द तोकडे आहेत.

शेवटी आपणांस एकच विनंती. मुले अंथरुणाला खिळलेली असताना ज्या मातांनी डॉक्टरांच्या प्रश्नांना खरी उत्तरे दिली, त्यांच्या नावांची नोंद कोठल्याही दप्तरात मिळणार नाही. तेव्हा या परिषदेच्या अहवालात संशोधकांच्या बरोबरीने त्यांच्याविषयीच्या कृतज्ञतेचा ठराव आपण घ्यावा.